सोपान वाळंजचे चौतीस ऑप्शन

पौडच्या भातबीज संस्थेत १९८७ साली संगणक आला, तेव्हा त्याच्याबरोबर थंड हवेचं एक मशीन, दोन पडदे, एक छपाईचं मशीन आणि सोपान कुशाबा वाळंज एवढ्या गोष्टी आल्या. थंड हवेचं मशीन दिवाळीपर्यंत बंद पडलं. सोपान मात्र चालू राहिला.

सोपान मूळचा मुळशी खोऱ्यातल्याच माले गावचा. पौडच्या शाळेतून मॅट्रिक, पुण्यात राहून बी.एस्सी., आणि मग एका मोठ्या कारखान्याच्या संगणक विभागात दोन वर्षं टेपा चढवणं-उतरवणं. टेपा चढवता चढवता तो कमांडी शिकला. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक खूण, आपण एक शब्द टाइप करायचा आणि मशीननं मुकाट काम करायचं, हे त्याला फार आवडलं. घरात त्याचं कुणी मुकाट ऐकत नसे, हेही त्यामागचं एक कारण असावं.

संस्थेचं काम तसं साधं होतं. मुळशी खोऱ्यातल्या गावांना भाताचं बी पुरवायचं. कुठल्या गावाला कुठलं वाण, त्याची उगवण शेकडा किती, पोती किती, हे सगळं आधी वह्यांत असायचं. आता ते मशीनमध्ये गेलं. त्यासाठी सोपाननं तीन प्रोग्रॅम लिहिले. पहिला ‘यादी’, गावांची आणि वाणांची यादी दाखवणारा. दुसरा ‘चिठ्ठी’, पोत्याला बांधायच्या चिठ्ठ्या छापणारा. तिसरा ‘उगवण’, बियाणं तपासल्याचे निकाल ठेवणारा. प्रोग्रॅमचं नाव इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं, पुढं एक आडवी रेघ आणि एक अक्षर द्यायचं, म्हणजे त्याला कळायचं की आपल्याला नेमकं काय हवंय. ही रेघ-अक्षराची जोडी म्हणजे ऑप्शन.

तीन प्रोग्रॅमना मिळून चौतीस ऑप्शन होते. हा आकडा सोपान स्वतः सांगायचा, आणि कुणी विचारायची वाट न बघता सांगायचा. एका ऑप्शननं यादी उलटी यायची, शेवटच्या गावापासून पहिल्या गावाकडं. ती तशी कुणाला का हवी असेल, हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण ती तशी येते हेच कुणाला ठाऊक नव्हतं. यादीला आधी वाण सांगावं लागे, मग गाव. चिठ्ठीला आधी गाव, मग वाण. उगवणला काय आधी सांगायचं ते तपासणी कुठल्या महिन्यात झाली त्यावर ठरे. हे सगळं सोपाननं सुवाच्य अक्षरात एका निळ्या वहीत लिहिलं होतं, आणि वही सुरक्षित राहावी म्हणून ड्रॉवरला कुलूप लावून ठेवली होती.

अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमध्ये संस्थेनं मशीनवर बसायला एक जागा काढली. त्या जागेवर कोळवणची अनुसया ओव्हाळ आली. मॅट्रिक पास, टायपिंगच्या दोन परीक्षा पास. तिचे वडील कोंडाजी तिथल्या शाळेत शिपाई. घरात पगारावर असलेलं दुसरं माणूस अनुसयाच होणार होती, पण अजून झाली नव्हती. सहा महिने बघायचं, आणि ऑगस्टअखेरच्या संचालकांच्या सभेत कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरवायचं, असं तिच्या पत्रात लिहिलं होतं. कायम झाली तर ती कोळवणची पहिली नोकरदार बाई. नाही झाली तर आषाढात लोकांच्या खाचरात वाकून लावणी, जी तिला उत्तम येत होती आणि जी चुकवण्यासाठीच ती रोज एस्टीनं पौडला येऊन दोन वर्षं टायपिंग शिकली होती.

तिनं कामाला हात घातला तेव्हा सोपाननं तिला निळी वही दोन दिवस वाचायला दिली. तिसऱ्या दिवशी काढून घेतली. तिनं विचारलं की मध्येच काही अडलं तर काय करायचं. सोपान म्हणाला, मी आहे ना. आपण आहोत हे सांगताना त्याला बरं वाटायचं.

मग मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला. बियाणं गावोगाव पोचवायची घाई. मशीन माडीवर होतं आणि छपाईचं मशीन खाली गोदामात, कारण चिठ्ठ्या तिथंच पोत्यांना बांधायच्या असत. त्या दिवशी सकाळी अनुसयानं चांद्याच्या चाळीस चिठ्ठ्या छापल्या. चांद्याची जमीन मुरमाड, पाणी लवकर निघून जातं, म्हणून तिथं हळवं वाण, लवकर पिकणारं. दुपारी पुढचं गाव कुठलं ते बघावं म्हणून तिनं नुसतं ‘चिठ्ठी’ एवढंच टाइप केलं. यादीला काही न सांगता हाक मारली की ती नुसती दाखवते आणि गप्प बसते. चिठ्ठीही तसंच करील असं तिला वाटलं. पडद्यावर काहीच आलं नाही. तिला वाटलं, मशीन हाकेला आलं नाही. तिनं यादी उघडली आणि पुढच्या कामाला लागली.

चिठ्ठी मात्र हाकेला आली होती. काही सांगितलं नाही तर मागच्या वेळचंच काम पुन्हा करायचं, अशी सोय सोपाननं मोठ्या कौतुकानं तिच्यात घातली होती. त्यामुळं खाली गोदामात चांद्याच्या आणखी चाळीस चिठ्ठ्या छापून पडल्या. गोदामाचा बहिरू चिठ्ठी वाचत बसणाऱ्यातला नव्हता. समोर आलेली चिठ्ठी समोरच्या पोत्याला बांधायची, एवढं त्याला माहीत. समोर होती माल्याची चाळीस पोती, गरव्या वाणाची, उशिरा पिकणारी. टेम्पो ऐंशी पोती घेऊन चांद्याला गेला.

चांद्यात भिकाजी नावाचा एक म्हातारा होता. त्यानं पोत्यात हात घालून चार दाणे तळहातावर घेतले, सोलले, एक दाताखाली फोडला आणि म्हणाला, हे हळवं न्हाई. चिठ्ठीवर हळवं लिहिलंय, असं टेम्पोवाल्यानं सांगितलं. भिकाजी म्हणाला, मंग चिठ्ठीच पेरतो. दुसऱ्या दिवशी चाळीस पोती टेम्पोतून परत आली आणि त्यांच्याबरोबर भिकाजीचं वाक्यही आलं. ते पौडच्या बाजारापर्यंत पोचायला टेम्पोपेक्षा कमी वेळ लागला.

संस्थेचे चेअरमन हैबतराव. उंच, धोतरवाले, आवाज असा की माडीवरून बोलले तर गोदामातल्या बहिरूला वेगळं सांगावं लागत नसे. त्यांनी सोपानला बोलावून विचारलं, काय झालं. सोपान म्हणाला, “कमांड चुकीची दिली गेली.”

कुणी दिली ते त्यानं सांगितलं नाही. मशीनवर एकच बाई बसत होती, त्यामुळं सांगायची गरजही नव्हती. हैबतरावांनी मान हलवली आणि म्हणाले की पोरीला जमंल असं वाटलं होतं. बघू, ऑगस्टात ठरवू.

संध्याकाळी अनुसयानं सोपानला एवढंच विचारलं, “भाऊसाहेब, यादी नुसती दाखवते. चिठ्ठीनं न विचारता का छापलं?”

“ती चिठ्ठी आहे. छापणारच ना. वहीत लिहिलंय सगळं.”

“वही तुमच्या ड्रॉवरात आहे.”

सोपाननं खिशातली ड्रॉवरची किल्ली चाचपली. तिची कोळवणची गाडी आली म्हणून ती गेली, नाहीतर उत्तर शोधायला त्याला आणखी थोडा वेळ मिळाला असता.

जुलैमध्ये सोपान चार दिवसांची रजा काढून माल्याला गेला. लावणीचे दिवस, आणि त्याचे वडील कुशाबा बांधावरून घसरून पाय मोडून घेऊन बसले होते. शहरात राहिलेल्या पोराला लावणीला बोलावणं म्हणजे सगळ्या वाडीला चार दिवसांची करमणूक, हे सोपान जाणून होता. पण रोपं तयार होऊन आठवडा झाला होता आणि वाळंजांच्या दोन खाचरांची चिखलणी, म्हणजे लावणीआधी पाण्यात नांगर फिरवून चिखल करणं, अजून व्हायची होती.

मुळशी खोऱ्यात चिखलणीला सावड चालते. चार घरं एकत्र येतात, आज याचं खाचर, उद्या त्याचं. ज्याचा हात मोकळा तो नांगरामागं उभा राहतो, मग बैल कुणाचे का असेनात. हे जमतं, कारण वाडीतले सगळे बैल एकाच तऱ्हेनं शिकवलेले असतात. चालायला एक हाक, थांबायला एक, वळायला एक. कुणीही कुणाच्याही बैलामागं उभं राहावं आणि कामाला लागावं.

फक्त कुशाबाची जोडी वेगळी होती. चंद्या आणि हरण्या. कुशाबाला सगळ्यांसारखं काही करायला कमीपणा वाटायचा. त्यानं बैलांना असं शिकवलं होतं की जू खांद्यावर आलं की त्यांनी आपण होऊन चालायला लागायचं. थांबवायचं तर जिभेनं दोनदा टचटच करायचं. वळवायचं तर उजव्या बैलाच्या पाठीवर हलकेच बोट टेकवायचं. आणि बाकीची वाडी बैल थांबवायला जे ‘हो’ म्हणते, त्या ‘हो’ला या जोडीनं वेग धरायचा. जत्रेत लोक ही गंमत बघायला गोळा व्हायचे. बिनबोलता चालणारी जोडी म्हणून कुशाबाचं नाव तीन गावांत होतं. आठ वर्षं त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही, कारण आठ वर्षं कुशाबाचा पाय धड होता.

सोपाननं जू ठेवलं, आणि तो कासरा हातात घेईपर्यंत बैल निघाले. तो मागं धावला. चिखलात गुडघाभर रुतला. आणि मग या परिस्थितीत कुठलाही माणूस म्हणेल तेच म्हणाला. तो “हो, हो” म्हणाला. बैलांनी वेग धरला. खाचर संपलं, बांध आला, बांध गेला, आणि चंद्या-हरण्या शेजारच्या भिवाजीच्या सकाळीच लावलेल्या खाचरात नांगरासकट उतरले. लावणीच्या बाया कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. भिवाजीची बायको रंभाबाई, जिचं ते खाचर आणि जिच्या हातची ती लावणी, ती काही रागावली नाही; तिनं फक्त सगळ्या बायांना ऐकू जाईल असं विचारलं की सोपाना, पुन्याला बैलाला असंच हाकत्यात का.

मग कुशाबानं आपली बाज उचलून बांधावर आणायला लावली. बाजेवर पाय पसरून तो टचटच करायला लागला, पण वाऱ्यापावसात ती टचटच बैलांपर्यंत पोचेना. तो सोपानला ओरडून शिकवू लागला: बोट जरा मागं टेकव, मागं, आरं एवढं मागं न्हाई. सोपान बोट टेकवत होता आणि बैल जिकडं जायचं तिकडं जात होते. तासाभरात एक कोपरा चिखलला गेला, तोही हवा होता त्याच्या समोरचा.

शेवटी भिवाजी आपली जोडी घेऊन आला. अगदी मामुली जोडी, एकाचं शिंग मोडकं. त्यानं चंद्या-हरण्याला सोडून बाभळीला बांधलं आणि आपले बैल जुंपून कासरा सोपानच्या हातात दिला. सोपान काहीतरी चाचरत म्हणाला, की ह्यांना कसं सांगायचं.

“काय न्हाई सांगायचं,” भिवाजी म्हणाला. “माजं बैल हुशार न्हाईत. पन कुनाचंबी ऐकत्यात. आन् काय बोललास न्हाई, तर हुबं ऱ्हात्यात. इसरलास काय करायचं ते, तर गप ऱ्हा. तेबी गप ऱ्हातील.”

दुपार कलायच्या आत दोन्ही खाचरं झाली. जेवताना कुशाबा म्हणाला की भिवाजीचं बैल बैल न्हाईत, खांब हायेत. सोपानची आई साळूबाई म्हणाली, “खांबानं दोन खाचरं केली. तुमच्या हुशारांनी तुडवलेली रंभीची लावणी म्या उद्या जाऊन पुन्ना लावायची हाय.”

सोपानला तिथं लख्ख काही उमगलं, असं नाही. त्याला त्या वेळी फक्त मान दुखत होती. पण परतीच्या एस्टीत बसल्यावर, मान दुखत असल्यामुळं खिडकीबाहेर बघता येत नव्हतं, म्हणून तो विचार करत बसला. आपण हाक मारायच्या आधीच चालू पडणारं, काही न सांगता मागचंच काम पुन्हा करणारं, आणि फक्त एकाच माणसाला हाकता येणारं काहीतरी आपणही केलंय, आणि त्यामागं एका बाईला उभं केलंय. गाडी पौडच्या स्टँडवर येईपर्यंत त्याचं मन याच्या उलट काही शोधत होतं. सापडलं नाही.

सोमवारी त्यानं अनुसयाला मशीनसमोर बसवलं आणि म्हणाला की तिन्ही प्रोग्रॅम चालवा, वही न बघता, तुम्हाला जे बरोबर वाटेल ते टाइप करा. छपाईच्या मशीनची वायर त्यानं आधीच काढून ठेवली होती.

अनुसयानं मान वर केली नाही. “भाऊसाहेब, चूक माझीच असं ठरलंय ना? आता आणखी काय बघायचंय?”

“तुम्ही करा तर.”

तिनं केलं. सोपान शेजारी स्टुलावर कागद घेऊन बसला आणि ती जिथं जिथं अडखळली तिथं तिथं एक रेघ ओढत गेला. यादीला तिनं गाव आधी सांगितलं, यादी रुसली. एक रेघ. चिठ्ठीला वाण आधी सांगितलं. चिठ्ठीनं वाणाच्या नावाचं एक नवं गाव तयार केलं. एक रेघ. उगवणला गावासाठी तिनं यादीत चालतं तेच अक्षर दिलं. उगवणनं ते अक्षर नापास बियाणं गाळण्यासाठी राखून ठेवलं होतं. रेघ. दुपारपर्यंत एकोणीस रेघा झाल्या. सोपान पुन्हा पुन्हा कागद बघत होता. एकही रेघ अशी नव्हती की जिथं अनुसयाचं म्हणणं वेडगळ होतं. ती दरवेळी आदल्या प्रोग्रॅमनं जे शिकवलं तेच पुढच्याला सांगत होती. वेडगळ उत्तर दरवेळी दुसऱ्या बाजूनं येत होतं.

त्या दिवशी त्यानं ड्रॉवर उघडला आणि वही टेबलावर ठेवली. मग दोघं पेन घेऊन ऑप्शन खोडायला बसली. हे काम वाटतं तितकं सोपं गेलं नाही. खोडायचा ऑप्शन निघाला की सोपान त्याचे गुण सांगायला लागे. उलट्या यादीपाशी तो चांगलाच अडला.

अनुसयानं विचारलं, “ही उलटी कुणी मागितली होती?”

“कुणी नाही.”

“मग?”

“येत होतं, म्हणून केलं.”

अनुसयानं खोडलं. सोपाननं बघितलं नाही.

अकरा दिवस लागले. चौतीसाचे सात राहिले. गावाचं अक्षर तिन्हीकडं एकच, वाणाचं एकच, आधी काय आणि मग काय याला महत्त्वच नाही. कसंही सांगा, चालेल. काही न सांगता नुसती हाक मारली तर प्रोग्रॅमनं काही करायचं नाही, फक्त आपल्याला काय काय येतं ते सांगायचं. छापायचं असेल तर ‘छाप’ असं स्पष्ट म्हणावं लागेल, आणि त्यावरही किती चिठ्ठ्या, कुठल्या गावाच्या, ते दाखवून एकदा विचारलं जाईल. चुकीचं काही सांगितलं तर नुसतं ‘चूक’ असं म्हणून मोकळं व्हायचं नाही, काय हवं होतं ते सांगायचं. ही शेवटची गोष्ट अनुसयाची. ती म्हणाली की आमच्या गुरुजींनी नुसती फुली मारली तर काय चुकलं ते शोधायलाच वर्ष जायचं.

सगळं झाल्यावर सोपाननं प्रोग्रॅम चालवून बघितले आणि त्याला ते फार कोरडे वाटले. यात बघण्यासारखं काही उरलेलंच नाही, असं त्यानं बोलूनही दाखवलं. अनुसया टाइप करत होती. तिच्या चिठ्ठ्या बरोबर येत होत्या.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी सभा भरली. सात संचालक, हैबतराव, आणि दाराशी बहिरू चहा घेऊन. अनुसयाला बाहेर बाकावर बसायला सांगितलं होतं. ती हातातल्या रुमालाची घडी घालत होती आणि मोडत होती. पिकाचं झालं, गोदामाच्या पत्र्यांचं झालं, मग हैबतरावांनी कागद वाचला: अनुसया कोंडाजी ओव्हाळ, कायम करायचं का. एका संचालकानं चांद्याच्या भिकाजीचं ‘चिठ्ठीच पेरतो’ हे वाक्य म्हणून दाखवलं. दोघं हसले. हैबतरावांनी पेन उघडलं.

सोपान उभा राहिला. सभेत त्याला बोलायचं कारण नव्हतं. तो मशीनचं काही विचारलं तर सांगायला म्हणून बसला होता.

“साहेब, मे महिन्यातली चूक तिची नव्हती. माझी होती. तिनं चिठ्ठीला नुसती हाक मारली, आणि माझ्या चिठ्ठीनं न विचारता छापलं. असं करील हे तिला कळायचं काही साधन मी ठेवलं नव्हतं.”

हैबतरावांनी पेन मिटलं. “मंग तवाच का न्हाई बोललास?”

“बोलायला हवं होतं.”

“तीन म्हैनं ती पोरगी मान खाली घालून येतीया.”

“व्हय,” सोपान म्हणाला. सभेत तो प्रमाण भाषा बोलायचा. या वेळी चुकून घरची आली.

हैबतरावांचा स्वभाव असा, की कुणी मध्येच कबुली दिली तर आधी त्यांना तिचाच संशय यायचा. पोरीला वाचवायला हा खोटं बोलत असेल. ते उठले, माडीवरच्या मशीनच्या खोलीत गेले, मागोमाग सगळे संचालक गेले. हैबतराव खुर्चीत बसले आणि म्हणाले की मला ह्यातलं ओ का ठो कळत न्हाई, तर मीच बघतो. अनुसयालाही आत बोलावलं, पण हात लावायचा नाही अशा अटीवर. एका बोटानं, एकेक अक्षर हुडकत त्यांनी ‘चिठ्ठी’ टाइप केलं आणि बहिरूला खाली गोदामात पिटाळलं, छपाईच्या मशीनपाशी उभं राहायला.

पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं: काहीही छापलेलं नाही. छापायचं असेल तर गाव सांगा, वाण सांगा, आणि छाप म्हणा. खाली गावांची नावं, खाली वाणांची.

“बहिरू,” हैबतरावांनी जागेवरूनच हाक घातली, “काय आलं का रं?”

खालून आवाज आला की काय न्हाई, मशीन हुबं हाय.

हैबतरावांनी मग गाव सांगितलं, पण एक अक्षर गाळून. पडद्यानं सांगितलं की या नावाचं गाव नाही, आणि त्यांनी दिलेल्या पहिल्या अक्षरानं सुरू होणारी गावं पुढं ठेवली. त्यांनी वाण आधी आणि गाव नंतर असं करून बघितलं. चाललं. दोनचा आकडा घालून ‘छाप’ म्हटलं. पडद्यानं विचारलं: चांदे, हळवे, दोन चिठ्ठ्या. छापू का? हैबतराव त्या प्रश्नाकडं बराच वेळ बघत राहिले, जणू समोर कुणी माणूस उत्तरासाठी ताटकळलंय. मग ‘हो’ म्हणाले. बहिरू दोन चिठ्ठ्या घेऊन धापा टाकत वर आला.

हैबतरावांनी चिठ्ठ्या वाचल्या, उलटून बघितल्या आणि खिशात घातल्या. “पोरगी ऱ्हाती,” ते म्हणाले. “लिवा.”

सगळे खाली उतरायला लागले. एवढ्यात मघाशी वाक्य म्हणून दाखवणारे संचालक जिन्यात थांबले. ते म्हणाले की चेअरमनसाहेबांना एका बोटानं जमलं, ही पोरगी तर दहा बोटांनी करती, मग वाळंजाला आपण रोज कशाला बोलावतो? हसू झालं. पण खाली जाऊन बसल्यावर ते हसू इतिवृत्तात गेलं: सोपान वाळंज यांनी यापुढे आठवड्यातून दोन दिवस, मंगळवारी आणि गुरुवारी, यावे. सोपानला यावर काही म्हणायचंय का, असं विचारलं गेलं. त्यानं जरा विचार केला आणि नाही म्हणाला. खरं तर म्हणण्यासारखं त्याच्याकडं पुष्कळ होतं; पण ते सगळं चौतीस ऑप्शनच्या बाजूचं होतं.

अनुसयाला बाहेर गाठून त्यानं सांगितलं, इतिवृत्तात लिहिलं गेलं म्हणून. ती म्हणाली की ऐकलं, हैबतरावांचं बोलणं स्टँडवरही ऐकू गेलं असेल. मग म्हणाली, “तुमचं कमी झालं.”

“झालं.”

“जूनमध्ये बोलला असतात तर माझे तीन महिने बरे गेले असते.” तिनं हे रागानं म्हटलं नाही; एखादी राहिलेली नोंद भरावी तसं म्हटलं. सोपाननं ती नोंद घेतली. आभार मानायची वेळ कुणाची आणि माफी मागायची कुणाची याचा हिशोब दोघांनाही लागला नाही, आणि तिची पाचची गाडी लागली होती.

सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी सोपान आला तेव्हा अनुसयाच्या टेबलावर तिचं नेमणुकीचं पत्र काचेखाली सरकवलेलं होतं आणि पुढ्यात एक कागद होता. तिनं कागद त्याच्याकडं सरकवला. त्यावर एकच ओळ होती: ‘उगवण’ तारीख विचारताना आधी महिना विचारते, ‘चिठ्ठी’ आधी दिवस विचारते.

सोपाननं कागद दोनदा वाचला. अकरा दिवस दोघांनी खोडाखोड केली होती आणि हे दोघांच्याही नजरेतून निसटलं होतं. निदान तो तरी तसं समजत होता.

“हे तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं?”

“दिसलं होतं. तेव्हा म्हटलं, सभा होऊ दे. आधी आपण ऱ्हातोय का ते बघू.”

काम तीन मिनिटांचं होतं. त्यानं चिठ्ठीसारखंच उगवणला आधी दिवस विचारायला लावला. अनुसयानं चार तारखा घालून बघितल्या, मान हलवली आणि पुढची गावं काढायला घेतली. सोपान स्टुलावर बसून राहिला. अर्ध्या तासानं त्यानं विचारलं की आणखी काही आहे का. ती म्हणाली, नाही, आता गुरुवारी या.

गुरुवारी तो आला. काम नव्हतं.